दोन गाठी म्हणजे उष्टं

मामा, काल तुझा दहावा झाला आणि कावळ्यानं मला बोलूच दिलं नाही.

मी तयारीनं आले होते. पुण्याहून धारूरपर्यंत एस.टी.त एकच वाक्य मनात घोळवत होते. पिंडाला कावळा शिवला नाही की घरातलं एकेक माणूस पुढं होतं आणि काहीबाही कबूल करतं, हे मी लहानपणापासून बघत आलेय. बांधाचं भांडण मिटवतो, म्हातारीला सांभाळतो, थोरला बोकड विकत नाही. मला वाटलं होतं, तुझा कावळा तासभर तरी उतरणार नाही. सगळे सांगून सांगून थकतील, मग मी पुढं होईन, हात जोडीन आणि सगळ्यांच्या देखत ते वाक्य बोलेन.

तुझ्या लेकानं, बापूनं, पिंड ठेवून पाठ फिरवली, तोच तळ्याकाठच्या बाभळीवरून कावळा उतरला. इकडं तिकडं बघितलंसुद्धा नाही त्यानं. सरळ चोच घातली.

"सुटला म्हातारा," मागून कुणीतरी म्हणालं. "काय सुदिक मागं ठिवलं न्हाई."

"ठिवायला व्हतं काय? लई साधा माणूस."

सगळ्यांना बरं वाटलं. पोळ्यांचं, भाताचं बोलणं सुरू झालं. मी ओल्या काठावर उभी होते आणि वाक्य तोंडात तसंच होतं. तू माझ्यावर काही धरून बसला नव्हतास. धरलं असतंस तर मला सोपं गेलं असतं. म्हणून आता ते इथं लिहिते. तुला वाचता येत नव्हतं, पण बापूची बायको, रुक्मिणवहिनी, वाचून दाखवायची, हे मला आता ठाऊक झालंय.

आमच्या घरातली पहिली पदवी माझी. तिच्यामागं तू आहेस, हे मी कुणाला सांगत नसे, पण माझ्या वडिलांसमोर तू काय बोललास ते मला शब्दन् शब्द पाठ आहे. बारावी झाली होती. वडील म्हणत होते, बास झालं. तू ओसरीवर बसून चहा बशीत ओतलास आणि म्हणालास, "दाजी, ही पोरगी सुट्टीत माझ्याकडं येती, शेरडामागं येती, आन् हातात पुस्तक. तिच्या वाचन्यापायी माझी दोन शेरडं लोकाच्या ज्वारीत गेली. शिव्या म्या खाल्ल्या. तिला कालेजात घाला, माझं नुकसान तरी थांबंल."

वडील हसले आणि मी अंबाजोगाईला कॉलेजात गेले.

त्या सुट्ट्यांत तू मला डोंगर शिकवलास. खुळखुळा तिथंच शिकले. पिवळ्या फुलांचं कमरेएवढं झुडूप. हिवाळ्यात शेंगा वाळल्या की आतलं बी खुळखुळ वाजतं, म्हणून खुळखुळा. शेरडं त्याचा कोवळा पाला थोडाफार खातात. जास्त पोटात गेला तर जनावर लगेच मरत नाही, महिना-दोन महिने खंगत जातं. "खाटकानं कापल्यावर काळीज दगडावानी निघतंय," तू सांगायचास. म्हणून तुझा एक नियम होता. एका उतारावर शेरडांनी खुळखुळ्याला तोंड लावलं की चार दिवस तिकडं फिरकायचं नाही.

"कावून?" मी विचारायचे.

"तोंड लागलं की झाड चिडतंय. उष्टं झाड कडू हुतंय. चार दिसांनी निवतंय, मंग जायचं."

"झाडाला राग येत नसतो, मामा."

"मंग काय येतंय?"

हा वाद आपण पंधरा वर्षं घातला. तो अर्धाच राहिला.

पुढं मी पुण्याला संशोधनाला लागले. विषय मिळाला तो जनावरांना बाधणाऱ्या रानझाडांचा. त्यांच्यात कोणकोणती अल्कलॉइडं असतात आणि किती, ते शोधायचं. अल्कलॉइड म्हणजे झाडानं स्वतःच्या राखणीसाठी तयार केलेलं कडू रसायन. पाल्याची पूड करायची, मिथेनॉलमध्ये भिजवायची, गाळायची, आणि थेंबाचा दहावा हिस्सा मास स्पेक्ट्रोमीटरमध्ये सोडायचा. आधी एका बारीक नळीतून एकेक पदार्थ आपापल्या वेळेला बाहेर पडतो, मग यंत्र त्याचं वजन करतं, मग त्याला फोडतं आणि तुकड्यांचंही वजन करतं. खुळखुळ्यातलं मुख्य विष ३२६ या आकड्यावर दिसतं आणि फुटलं की त्याचा एक तुकडा १२० वर पडतो. तुकड्यांवरून अख्खं ओळखायचं. तू लेंडी बघून कोणत्या शेरडाचं पोट बिघडलंय ते सांगायचास. माझं कामही तेच होतं, फक्त त्याला वातानुकूलित खोली लागत होती.

पाला तूच पाठवायचास. सावलीत वाळवून, जुन्या धोतराच्या फडक्यात बांधून, एका झाडाची एक पुरचुंडी. अशा चोवीस पुरचुंड्या एका खोक्यात घालून धारूरहून एस.टी.नं पाठवल्यास आणि दुसऱ्या दिवशी फोन केलास. तू फोनवर बोलायचास ते समोरच्या डोंगरावरच्या माणसाला हाक मारल्यासारखं.

"सुमे! पोचला का पाला?"

"पोचला, मामा."

"ह्ये बघ, एका गाठीचं कोरं हाय. दोन गाठीचं उष्टं हाय. मिसळू नको!"

शेजारच्या टेबलावर माझ्याबरोबरची मुलगी बसली होती. तिला सगळं ऐकू गेलं. मी घाईनं "बरं, बरं, ठेवते" म्हणाले.

"काय उष्टं आहे गं?" तिनं हसत विचारलं.

"काही नाही. घरचं."

मामा, मला त्या वेळी काय वाटलं ते सांगते. तू गाठ बांधताना फडक्याचं एक टोक दातात धरायचास. मला वाटलं, काही पुरचुंड्यांची गाठ तू दातानं आवळली असशील, आणि पाल्याला तोंड लागलंय म्हणून सांगतोयस. तुझा तो चार दिवसांचा नियम मला आठवलाच नाही. मी डोंगरावर पंधरा वर्षं ऐकलेला शब्द, आणि पुण्यातल्या त्या खोलीत तो माझ्या कानाला नुसता घाण वाटला. मी सगळ्या गाठी सोडल्या, पाला स्वच्छ पिशव्यांत भरला, एक ते चोवीस आकडे घातले आणि फडकी कचऱ्यात टाकली.

यंत्रानं काय दाखवलं? बारा झाडांत ३२६ च्या रेघेचा सुळका नेहमीएवढा, आणि बारा झाडांत आभाळाला भिडलेला. एकच उतार, एकच वय, एकच दिवस. आमचे सर म्हणाले, असं होऊ शकत नाही, यंत्रात आधीच्या नमुन्याचं काहीतरी उरतंय आणि पुढच्यात उतरतंय. म्हणजे त्यांचंही म्हणणं उष्ट्याचंच होतं, पण यंत्राच्या तोंडाचं. मी दोन आठवडे यंत्र धूत बसले. नुसतं मिथेनॉल सोडायचे, कोरी रेघ यायची. नमुना सोडला की पुन्हा तेच.

शेवटी तूच फोन केलास.

"काय करायलीस?"

"यंत्र धुतेय."

"परवा बी धुवायले म्हनलीस. कावून सारखं धुवायलीस ते? घाण करतंय का?"

मी सांगितलं, निम्म्या पाल्यात विष जास्त येतंय.

"गाठी बघितल्या का?"

"सोडल्या."

"आन् कोणत्याला किती व्हत्या?"

मी रिकाम्या कचऱ्याच्या डब्याकडं बघितलं.

"आगं शास्त्रीणबाई," तू म्हणालास, आणि तुझा आवाज पहिल्यांदा हळू झाला, "गाठी म्हंजी माझं लिव्हनं व्हतं."

तिसऱ्या दिवशी तू पुण्यात हजर. सकाळी आमच्या संस्थेच्या फाटकावरून फोन आला, एक गृहस्थ आलेत, तुमचं नाव सांगतायत. मी खाली आले. तू उभा होतास. स्वच्छ धोतर, डोक्याला पटका, खांद्यावर घोंगडं आणि घोंगड्यात नव्या चोवीस पुरचुंड्या. "तुला गाठी कळंनात म्हून सोता आलो," तू म्हणालास. "घे. हातात दितो. आता इसरू नको."

इथं मला थांबावंसं वाटतं. पण थांबले तर हे लिहिण्याला अर्थ नाही.

मी पहिल्या आठवड्यातच तिथं एक खोटं बोलून ठेवलं होतं. जेवताना कुणी घरचं विचारलं, मामा काय करतात म्हणून. मी म्हणाले, पशुसंवर्धनात आहेत. साफ खोटंही नाही, म्हणून जीभ अडखळली नाही. तुला सांगितलं असतं तर तू आठवडाभर हसला असतास, वस्तीवर सगळ्यांना स्वतःचं खातं सांगत फिरला असतास. पण मी तुला सांगितलं नाही. आणि त्या सकाळी फाटकावर तीच शेजारच्या टेबलावरची मुलगी माझ्यामागं येऊन उभी राहिली.

पहारेकऱ्यानं पासचं पुस्तक पुढं केलं. आलेल्याचं नाव, गाव, आणि पुढं रकाना, भेटणाऱ्याशी संबंध. मी इंग्रजीत लिहिलं, सॅम्पल सप्लायर. नमुने पुरवणारा. त्यानं पास फाडून तुझ्या हातात दिला. तू तो उलटा धरलास, मग सुलटा केलास.

"काय लिव्हलंस?"

"मामा लिहिलं."

तू मान हलवलीस आणि पास बंडीच्या खिशात ठेवलास.

"या. इकडून या. तुम्ही इथं बसा," मी म्हणाले.

मामा, जन्मल्यापासून मी तुला अरे-तुरे करत आले. लोकांदेखत मी पहिल्यांदा तुला 'तुम्ही' म्हटलं, आणि त्यात मान नव्हता. परकं करायचं होतं म्हणून म्हटलं. तुला ते लगेच कळलं. तू माझ्याकडं बघितलंस आणि म्हणालास, "बसतो की, म्याडम."

तरी यंत्र बघितल्यावर तू सगळं विसरलास. हात मागं बांधून तू त्याच्याभोवती एक चक्कर मारलीस.

"ह्ये काय करतंय?"

"चाखतं. आणि आत काय काय आहे ते सांगतं."

"म्हंजी शेरडूच की." तेवढ्यात शेजारच्या छपाईयंत्रातून कागद बाहेर पडला. "एवढं मोठं शेरडू, आन् लेंड्या कागदाच्या!"

आमचे सर खो खो हसले. त्यांनी मला विचारलं, "हे कोण?"

"नमुने आणतात," मी म्हणाले.

तू खिडकीबाहेर बघत होतास. तुला ऐकू गेलं नसेल, अशी माझी मी समजूत घातली. डोंगराच्या दोन घळींपलीकडून शेळीची शिंक ऐकणारा माणूस तू.

त्या दिवशी तू मला सगळं उलगडून सांगितलंस. कोणती झुडपं शेरडांनी आदल्या दिवशी खाल्लेली, कोणत्या झुडपांना तू काट्याचं कुंपण घालून तोंड लागू दिलं नव्हतंस. दोन गाठी आणि एक गाठ. निघताना तू म्हणालास, "निवलेल्या झाडाचा बी पाला घे एकदा. चार दिसांनंतरचा. म्या आनून दितो."

"बघू नंतर."

"आन् झाडाला राग न्हाई येत म्हनतीस, तर सांग. मानसाला राग येतो तवा आत काय वाढतंय?"

"मला बस गाठायची नाही मामा, तुला गाठायची आहे. नीघ."

जाताना फाटकावर पास परत द्यायचा असतो. पहारेकऱ्यानं मागितला तर तू "हरपला" म्हणालास.

नव्या चोवीस पुरचुंड्यांनी तुझं म्हणणं जसंच्या तसं खरं केलं. एका गाठीच्या झाडांत सुळका खाली, दोन गाठीच्या झाडांत वर. एकही चुकलं नाही. मग सरांच्या सांगण्यावरून आम्ही ते पुन्हा केलं, वेगळ्या उतारावर, वेगळ्या महिन्यात. पाला तूच पाठवलास. तरी तेच. माझा शोधनिबंध त्यावरच उभा राहिला. चर्चासत्रात एकानं उठून विचारलं, खाल्लेली आणि न खाल्लेली झाडं वेगळी तपासावीत, हे तुम्हाला कसं सुचलं? मी म्हणाले, क्षेत्रनिरीक्षणातून. टाळ्या वाजल्या. निबंधात तू एका ओळीत आहेस: नमुने स्थानिक पुरवठादाराकडून मिळवले. पासवर लिहिलेला शब्द मी छापूनही टाकला. काल तळ्याकाठी हेच बोलणार होते: शोध मामाचा होता आणि मी त्याला पुरवठादार म्हटलं.

तुला फोनवर म्हणाले, "मामा, आपलं छापून आलं." तू म्हणालास, "आपलं? बरं झालं." एवढंच.

मी नंतर सांगणार होते. दिवाळीत सांगणार होते. दिवाळीत तुझी शेरडं आजारी होती. मग संक्रांतीला. मग बापूचा फोन आला.

काल जेवणं झाल्यावर रुक्मिणवहिनीनं मला आत बोलावलं. देव्हाऱ्याच्या फळीवर, कुलदैवताच्या तसबिरीमागं, तो पास होता. प्लॅस्टिकच्या पिशवीत घातलेला.

"मामंजी समद्यांना दाखवायचे," वहिनी म्हणाली. "पुन्याला पोरीच्या हापिसात गेलतो, पोरीनं कागदावर मामा लिव्हलंय म्हनून."

मला वाटलं, निदान तुझा समज तरी तसाच राहिला. मी विचारलं, "मामाला कुणी वाचून नाही दाखवला?"

वहिनी पदराशी खेळत राहिली. मग म्हणाली, "म्याच दावला की. आले त्याच सांजंला. इंग्रजी व्हतं, अडखळत वाचलं. सप्लायर म्हंजी काय गं म्हनले. म्हनलं, माल आनून देनारा. कागद हातात फिरवत बसले. मंग म्हनले, खरं हाय की, पाला म्याच आनून दितो." तिनं तसबीर सरळ केली. "आन् म्हनले, कुनाला बोलू नको. पोरीनं मामा लिव्हलंय, असंच सांगायचं."

मामा, दोन वर्षं माझं खोटं तू राखलंस. गावात, वस्तीवर, बाजारात. मी ते एकदाच बोलले होते. तुला ते पुन्हा पुन्हा बोलावं लागलं.

त्याच फळीवर एक पुरचुंडी होती. धोतराचं फडकं, तीन गाठी. वहिनीला विचारलं, हे काय? ती म्हणाली, "तुमच्यासाठीच बांधलीया. निवलेलं हाय म्हनले. ती मागंल तवा दे."

मी मागितलं नव्हतं, मामा. तू बांधून ठेवलंस. ती पुरचुंडी मी रात्रीच्या एस.टी.नं पुण्याला घेऊन आलेय. टेबलावर समोर आहे. गाठी सोडलेल्या नाहीत. सोडायच्या आधी लिहून ठेवीन, किती होत्या ते. चिडलेलं झाड चार दिवसांनी निवतं का, हे मला ३२६ च्या आकड्यावर मोजता येईल. तू निवला होतास का, ते मोजायला माझ्याकडं काही नाही. माणसाला राग येतो तेव्हा आत काय वाढतं, हे तू विचारलं होतंस. मला अजून ठाऊक नाही. लाज वाटते तेव्हा काय वाढतं, ते थोडंसं कळायला लागलंय.

सरांना आज सकाळी सगळं सांगितलं. पशुसंवर्धनासकट. त्यांनी निबंध काढून ती पुरवठादाराची ओळ वाचली. मग म्हणाले, "म्हणजे ते शेरडू म्हणणारे तुझे मामा होते?" आणि चष्मा काढून पुसत बसले. त्यांच्या संमतीनं मी नियतकालिकाला दुरुस्तीचं पत्र लिहिलंय. खाल्लेल्या आणि न खाल्लेल्या झाडांतला फरक मूळ लिंबाजी दगडू यांचा, तो त्यांनी आमच्या आधी कित्येक वर्षं ओळखला होता, आणि नमुन्यांची मांडणीही त्यांचीच. पत्रासोबत एक अर्ज भरायचा असतो. त्यात एक रकाना निघाला: सदर व्यक्तीशी लेखकाचं नातं असल्यास नमूद करावं.

इंग्रजीत काका, मामा, मावसा, आत्याचे यजमान, सगळ्यांना मिळून एकच शब्द आहे. तो मी लिहिला नाही. इंग्रजी अक्षरांतच, पण आपला शब्द लिहिला. त्यांना कळला नाही तर विचारतील, मग सांगेन.

तू आता विचारशील, काय लिव्हलंस.

मामा लिहिलंय.